पाचवा पर्याय

दुसऱ्यांदा नापास झाले त्या दिवशी मी घरात कुणाशी बोलले नाही. चाळीसपैकी एकवीस. पास व्हायला सव्वीस लागतात. पहिल्या वेळी एकोणीस होते, म्हणजे तीन महिने डोकेफोड करून मी दोन गुण पुढे सरकले होते. या वेगाने तू पास होशील तेव्हा निकाल वाचून दाखवायला माणूस ठेवावा लागेल, असं आमचे हे म्हणाले. मग त्यांनी माझं तोंड बघितलं आणि वर्तमानपत्र उघडून त्यात डोकं खुपसलं.

परीक्षा इंग्रजी व्याकरणाची, आणि ती देणारी मी, शर्ट तपासणारी बाई. एकोणीस वर्षं मी तेवढंच करतेय. शिवणखात्यातून साठ शर्टांचं बंडल येतं. टेबलावर ट्यूबलाइटखाली एकेक शर्ट पसरायचा, कॉलरपासून सुरुवात करायची, मग खांदे, बगला, बाह्या, कफ, काजं, बटणं, शेवटी खालची दुमड. दोष दिसला की त्यावर बाणाचं लाल स्टिकर लावायचं आणि शर्ट दुरुस्तीला पाठवायचा. बंडल संपलं की चिठ्ठीवर सही. फॅक्टरीत मला ‘भिंग’ म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आताशा तोंडावर म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. खरं सांगायचं तर आवडतं.

आता कंपनीने कॅमेऱ्याचं मशीन आणलंय. शर्ट पट्ट्यावरून सरकतो आणि मशीन टाके मोजतं. वर्ष संपलं की चेकिंगची सगळी टेबलं उचलणार. आम्हा नऊजणींपैकी जिच्याकडे इंग्रजीचं प्रमाणपत्र असेल तिला ऑडिटला घेणार, म्हणजे दुसऱ्यांच्या फॅक्टऱ्यांत जाऊन माल बघायचा आणि त्याचा अहवाल इंग्रजीत लिहायचा. बाकीच्यांना नारळ. परीक्षेला तीनदाच बसता येतं. पाचजणी पास होऊन मोकळ्या झाल्या, तिघींनी नाद सोडला. उरले मी, आणि उरली एक संधी, सहा आठवड्यांवर.

त्या परीक्षेत निबंध नाही, पत्र नाही. चाळीस वाक्यं असतात आणि बहुतेक सगळी एकाच गोष्टीवर, कर्ता आणि क्रियापद जुळतात की नाही. प्रत्येक वाक्याचे चार तुकडे केलेले असतात. ज्या तुकड्यात चूक आहे त्यावर कॉम्प्युटरवर टिचकी मारायची. पाचवा पर्याय असतो ‘चूक नाही’. एवढंच. चूक शोधायची परीक्षा आणि नापास कोण, तर भिंग. हे ऐकून फॅक्टरीत लोक किती हसले असतील याचा मी विचारच करत नाही, म्हणजे रोज करते.

घरात शिकवणारी होती. माझी धाकटी जाऊ शाळेतल्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते, आमच्याच हॉलमध्ये, चार ते सात. तरी पहिल्या दोन वेळा मी बाहेर क्लास लावला. कारण सरळ आहे. आम्ही दोघी अकरा वर्षं एका स्वयंपाकघरात आहोत आणि ती अकरा वर्षं मी तिच्या चुका दाखवत आलेय. कांदा जाड चिरते. टॉवेल उलटे वाळत घालते. डब्यांची झाकणं अर्धवट लावते. तिच्यासमोर वही घेऊन बसायचं आणि मला येत नाही म्हणायचं, हे माझ्या जिवावर आलं होतं. पण आता जीव की नोकरी असा प्रश्न होता, म्हणून एका सकाळी भांडी विसळताना मी विषय काढला.

“संध्याकाळी सातला मुलं जातात,” ती म्हणाली. “मग बसू, ताई.”

बाकी एक शब्द नाही. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

पहिल्या संध्याकाळी तिने माझ्या वहीत लिहिलं, द बंडल ऑफ शर्ट्स इज ऑन द टेबल.

“आर,” मी म्हणाले. “शर्ट पुष्कळ आहेत.”

“बंडल किती आहेत?”

“एक. पण बंडल म्हणजे काय, नुसती दोरी? टेबलावर शेवटी शर्टच आहेत ना?”

“वाक्याचा मालक बंडल आहे, ताई. ‘ऑफ’च्या पुढचं झाकायचं.” तिने शर्टांवर बोट ठेवलं. “आता वाचा.”

झाकायचं म्हणे. झाकलेलं उघडून बघण्याचा मला पगार मिळतो. तरी मी वाचलं, तरी मला ते पटलं नाही, आणि तिने आखलेली समासाची रेघ वाकडी होती हे मी तिला सांगितलं. तिने दुसरी रेघ आखली.

पुढचे पंधरा दिवस माझं डोकं रोज सात वाजता तापायचं. सीझर्स आर. माझ्या हातात कात्री एक, पण इंग्रजीत ती अनेक. न्यूज इज. शेवटी ‘एस’ आहे, बातम्या ढीगभर आहेत, पण इंग्रजीत एक. ईच ऑफ द बटन्स हॅज. बटणं डझनभर असोत, ‘ईच’ आला की एकट्याने जायचं. बरं, मालकाचं ऐकायचं हा नियम पाठ करावा तर पुढच्याच पानावर ‘नायदर’ आणि ‘नॉर’ दात विचकून उभे. नायदर द मॅनेजर नॉर द वर्कर्स आर. इथे म्हणे जो क्रियापदाच्या जवळ बसलाय त्याचं ऐकायचं.

“काल मालक म्हणालीस, आज शेजारी म्हणतेस,” मी म्हणाले. “एक काय ते ठरव.”

“मी नाही ठरवलं, ताई.”

“मग कुणी ठरवलं?”

ती हसली. मी हसले नाही. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं, कारण माझं त्या माणसाकडे काम होतं. आपल्या भाषेत मी शर्ट तपासला, कॉलर तपासली, बटण तपासलं. क्रियापद माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही, ते कामाकडे बघतं. इंग्रजीत ते सतत साहेबाच्या तोंडाकडे बघत उभं. असलं क्रियापद आमच्या टेबलावर दोन दिवस टिकलं नसतं. हे मी धाकटीला बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “हे छान सांगितलंत. मुलांना सांगीन.” मी वही मिटली आणि भाजी बघायला उठले. कौतुक ऐकून घेता येत नाही मला. हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही.

चौथ्या आठवड्यापर्यंत नियम मला तोंडपाठ झाले. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितले असते. आणि सरावाच्या पेपरात गुण किती, तर बावीस. मग तेवीस. मग पुन्हा बावीस. तिसऱ्या बावीसला मी पेन भिंतीवर मारलं. निळा डाग पडला. आमचे हे आतून डोकावले, डाग बघितला, काही न विचारता परत गेले.

“मला येतंय सगळं,” मी म्हणाले. “विचार ना तू. विचार काहीही.”

धाकटीने सहा नियम विचारले, मी सहाही बरोबर सांगितले. ती पेपर चाळत बसली. मग तिने माझे आतापर्यंतचे सगळे पेपर मागून घेतले आणि तिच्या खोलीत नेले.

दुसऱ्या दिवशी सातला तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. हाताने लिहिलेली दहा वाक्यं, खाली पाच पर्याय. “वेळ घ्या,” ती म्हणाली. “घाई नाही.”

मी वेळ घेतला. कॉलरपासून खालच्या दुमडीपर्यंत. पहिल्या फेरीत सात चुका सापडल्या. उरलेली तीन वाक्यं वरवर साफ दिसत होती, पण मी अशी सोडणारी नाही. दुसऱ्या फेरीत आणखी दोन निघाल्या. शेवटच्या वाक्याने फार त्रास दिला. वीस मिनिटं मी त्याच्याकडे टक लावून बसले आणि शेवटी त्याचंही क्रियापद धरलं. कागद तिच्याकडे सरकवताना मला किती महिन्यांनी बरं वाटत होतं.

“दहाच्या दहा पकडल्या,” मी म्हणाले.

तिने कागदाला हात लावला नाही. “ताई, यात एकही चूक नाही. दहाही वाक्यं बरोबर आहेत.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं गरम झाली. “फसवलंस मला.”

“हो. कारण नुसतं सांगून तुम्हाला पटलं नसतं. तुमचे बारा पेपर बघितले मी. पाचवा पर्याय तुम्ही किती वेळा निवडलाय माहीत आहे? एकदाही नाही. प्रत्येक पेपरात आठ-नऊ वाक्यं बरोबर असतात. ती सगळी तुम्ही हातची घालवता.”

“बरोबर वाक्य माझ्यासमोर कशाला ठेवतील? चूक शोधायला बसवलंय ना?”

“बरोबर असलं तर बरोबर म्हणता येतं का, तेही बघतात.”

“मग तसं स्पष्ट लिहावं त्यांनी.”

“पाच नंबरला लिहिलंय, ताई. प्रत्येक वाक्याखाली लिहिलंय.” आणि मग, आवाज न चढवता, वहीच्या कडेशी खेळत ती पुढे बोलली. “तुम्हाला ते दिसत नाही, कारण काही बरोबर असू शकतं हे तुमच्या गावीच नाही. अकरा वर्षं मी या घरात आहे. एक दिवस तरी तुम्ही माझ्या कामावरून नुसती नजर टाकून पुढे गेलात? मी सकाळी स्वयंपाकघरात येते ना, तेव्हा आधी मनात म्हणते, आज काय निघणार. आणि निघतं. रोज निघतं.”

मी उठले आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले. संताप संताप झाला होता. तिच्याकडे शिकायला गेले ही माझी चूक, असं मी स्वतःशी दहादा म्हणाले. दोन दिवस आम्ही बोललो नाही. सात वाजले की ती हॉलमध्ये वही घेऊन बसायची आणि मी खोलीत पाठमोरी पडून राहायचे. परीक्षा बारा दिवसांवर होती आणि मी हट्टाला पेटले होते. मला हे दिसत होतं आणि तरी मी उठत नव्हते.

तिचं म्हणणं खोटं होतं असं मात्र मला म्हणता येईना. कामाला लागले तेव्हा दुसऱ्याच वर्षी मी एक बंडल साफ म्हणून सोडलं होतं. साठ शर्ट, एकही स्टिकर नाही, खाली माझी सही. ते दुकानातून परत आलं, बगलेची शिवण पहिल्याच धुण्यात उसवली होती. सुपरवायझरने मला पूर्ण पाळीभर टेबलाशेजारी उभं केलं, हातात तो शर्ट देऊन. येणारा-जाणारा बघत होता. तेव्हापासून माझ्या टेबलावरून एकही बंडल स्टिकरशिवाय गेलेलं नाही. दोष नसला तर मी शोधते. उगाच स्टिकर लावलं म्हणून कुणाला उभं करत नाहीत. सोडून दिलेल्या शर्टाखाली मात्र आपली सही असते.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दुरुस्तीच्या खोलीत गेले. तिथे एक बाई माझ्याइतकीच जुनी आहे, आमचे स्टिकर लागलेले शर्ट तिच्याकडे जातात. तिच्या मशीनशेजारी माझं सकाळचं बंडल पडलं होतं.

“माझ्या शर्टांत हल्ली काय निघतं जास्त?” मी सहज विचारल्यासारखं केलं.

“तुमच्या?” तिने सुईत दोरा ओवला. “निम्म्यांत काही नसतंच. स्टिकर काढते आणि ठेवते पुढे.”

“निम्म्यांत?”

“निम्म्याला जास्तच धरा.”

“आणि हे तू मला कधी बोलली नाहीस?”

“तुम्हाला कोण बोलणार?” ती म्हणाली, आणि तिने मशीन सुरू केलं. तिच्या आवाजात राग नव्हता. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलली ती, आणि म्हणूनच ते मला जास्त झोंबलं.

त्या संध्याकाळी सातला मी हॉलमध्ये जाऊन बसले. माफी वगैरे मागितली नाही, ते मला जमत नाही. वही पुढे केली आणि म्हणाले, “पाचवा पर्याय शिकव.”

धाकटीने माझ्याकडे बघितलं. “त्यात शिकवण्यासारखं काही नाही, ताई. कर्ता शोधायचा, क्रियापद जुळवून बघायचं, बाकीचे तुकडे एकदा बघायचे. जुळलं की हात काढून घ्यायचा.”

“आणि काही राहून गेलं असलं तर?”

“तर एक गुण जाईल. फक्त एक.”

ऐकायला सोपं होतं. करायला गेले की जमायचं नाही. साफ वाक्य समोर आलं की मला ते संशयास्पद वाटायचं, अति साफ. इतका वेळ सरळ वागतंय म्हणजे काहीतरी लपवतंय. मी पाचव्या पर्यायाकडे पेन न्यायचे, परत आणायचे, पुन्हा न्यायचे. धाकटी शेजारी बसून मुलांच्या वह्या तपासायची आणि मला काही बोलायची नाही. एकदा फक्त म्हणाली, “मघापासून याच वाक्यावर आहात.” मी तिच्यावर डाफरले. मग पाचवर खूण केली, आणि ती चुकली. वाक्यात खरंच चूक होती. मी कागदाचा बोळा केला. “बघ, म्हणून मी सोडत नाही,” मी ओरडले. तिने बोळा उलगडला, हाताने सपाट केला आणि पुढचं वाक्य दाखवलं.

चोवीस आले. मग तेवीस. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पंचवीस. सव्वीस एकदाही नाही.

केंद्रात खोलीभर कॉम्प्युटर होते, मध्ये पुठ्ठ्यांचे आडोसे. माझ्या एका बाजूला कॉलेजातली मुलगी, दुसऱ्या बाजूला कुणीतरी सारखं नाक ओढणारं. चाळीस वाक्यं मी सदतीस मिनिटांत संपवली. तेरा मिनिटं हातात होती. मी मागे जाऊन पाचवा पर्याय किती वेळा घेतला ते मोजलं. तीन.

तीन. आठ-नऊ असतात हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे पाच-सहा चांगली वाक्यं मी पुन्हा दुरुस्तीला पाठवली होती. इतके दिवस घासून, इतकं ऐकून, मी जिथल्या तिथे होते. डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हतं, निव्वळ वैतागाचं. एकोणीस वर्षं मी हेच करतेय आणि हे माझ्या हाडांत भिनलंय, असं वाटून मला हात आपटावेसे वाटले. कॉलेजातल्या मुलीने माझ्याकडे बघितलं म्हणून आपटले नाहीत.

मग मी पहिल्यापासून सुरुवात केली. द क्वालिटी ऑफ द थ्रेड इन दीज बॉक्सेस हॅज इम्प्रूव्ड. मी क्रियापदावर खूण केली होती. ‘ऑफ’च्या पुढचं सगळं बोटाने झाकलं. क्वालिटी. एक. हॅज. जुळत होतं. बोट काढलं की खोके दिसायचे आणि हात परत क्रियापदाकडे जायचा. पुन्हा झाकलं. जुळतच होतं. त्या वाक्याने माझं काहीही वाईट केलं नव्हतं. मी खूण पाचवर आणली आणि कुणीतरी येऊन मला खुर्चीशेजारी उभं करील म्हणून खरंच क्षणभर वाट बघितली. कुणी आलं नाही. नाक ओढणारा नाक ओढत होता.

अशा पाच खुणा मी बदलल्या. सहावीच्या वेळी पडदा बंद झाला.

निकाल अर्ध्या तासाने खिडकीत मिळाला. सत्तावीस. मी कारकुनाला कागद परत दिला आणि नीट बघायला सांगितलं. त्याने बघितलं आणि तोच कागद परत दिला.

घरी पोचले तेव्हा धाकटी हॉलमध्ये एकटीच होती, संध्याकाळच्या मुलांसाठी प्रश्न काढत बसली होती. मला बघून तिने पेन तसंच हातात धरलं.

“सत्तावीस,” मी म्हणाले.

“पास?”

“पास.” मी पर्स खुर्चीवर ठेवली. पुढचं बोलायला मला जमवाजमव करावी लागली. “तू फार चांगलं शिकवलंस.”

ती हसली नाही. तशीच माझ्याकडे बघत राहिली.

“अगं, काय झालं?”

“काही नाही. तुम्ही पुढे काही म्हणाल म्हणून थांबले.”

मला राग आला. पास होऊन आलेल्या माणसाशी असं तिरकं बोलतात का, असं तोंडातून निघणारच होतं, तेवढ्यात मी तिच्याकडे नीट बघितलं. ती तिरकं बोलत नव्हती. खांदे थोडे आवळून, मान किंचित खाली घालून ती खरंच थांबली होती. माझ्या वाक्याच्या शेवटी जे येतं त्यासाठी. आणि ते होतं. ‘पण’ माझ्या जिभेवर तयार होता. मी तो गिळला आणि तो खाली उतरायला वेळ लागला.

“पुढे काही नाही,” मी म्हणाले.

तिने पेन वहीवर आडवं ठेवलं.

“नक्की?” तिने विचारलं.